श्वासाचं पाणी

अनुसयाबाई लग्न होऊन अल्लीपुरात आली, तेव्हा नवरा बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो याचं तिला कोण कौतुक! ते पहिल्याच आठवड्यात ओसरलं. वरातीहून परतलेल्या तानबानं ओट्यावर बसून नळीच्या वळणाजवळची बारीकशी चावी दाबली, हलकेच फुंकर घातली आणि आत साचलेलं पाणी तिच्या नुकत्याच सारवलेल्या अंगणात टपटप गाळलं.

"अवं माय! थुका काऊन गाळता अंगनात?"

"थुका नोहे तो," तानबा हसून म्हणाला.

तिला कुठलं पटायला! तो पाणी गाळायचा, ती नाक मुरडून त्यावर राख टाकायची. शेती झाली, संसार झाला, पोरगी आचल नालवाडीला नांदायला गेली, तरी राख काही चुकली नाही. त्या बाजाला तिनं कधी बोटसुद्धा लावलं नाही.

मग गेल्या हिवाळ्यात तानबा एका सकाळी उठला तो तोंड वाकडं घेऊनच. डावा डोळा मिटेना, चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळू लागला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, चेहऱ्याची नस सुजली आहे, हळूहळू उतरेल. घरी आल्यावर तानबानं पहिलं काय केलं असेल, तर ट्रंपेट तोंडाला लावला. नुसतं फुस्स झालं. ओठ मिटतच नव्हते. बाजा मांडीवर ठेवून तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याची आई वारली तेव्हाही अनुसयाबाईनं त्याला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बाजा असाच पडून राह्यला तं बोटाखालचे खटके जाम होतीन," तो बोबडं बोलला.

"मंग काय करा लागते?"

"कोनी तरी फुकाले पायजे."

घरात तिसरं माणूस नव्हतं. तिनं पदरानं बाजाचं तोंड खसाखसा पुसलं आणि ओठांना लावलं. नुसता वारा.

"गाल नोको फुगवू. ओठ दाबून धर. घोडं कसं फुरफुरते, तसं कर."

तिला हसू फुटलं. तिचं पाहून तोही अर्ध्या तोंडानं हसला.

रोज न्याहारीनंतर हेच चालू झालं. आणि एका सकाळी आवाज आला. सरळ, लांब, भरलेला. गोठ्यातली म्हैस रवंथ सोडून उठून उभी राहिली. शेजारची भागीरथा कुंपणावरून डोकावली. अनुसयाबाईच्या दातांत, कपाळात, बरगड्यांत तो आवाज घुमत होता. आपल्या अंगात एवढं काही होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिनं पुन्हा फुंकलं, तर आत गुळगुळ झालं.

"पानी साचलं. चावी दाब अन् फुक."

तिनं खाली तळहात धरला. थेंब पडले. थंडगार, नितळ, चिकटपणा नावाला नाही.

"हे माह्यं?"

"तुह्याच सासाचं. सास गरम, पितळ गार. गवतावर दव धरते ना, तसं."

ती हाताकडे बघतच राहिली. तिचा बाप गेला, तेव्हा त्याच्या नाकाशी सूत धरून बायांनी श्वास चालू आहे का पाहिलं होतं. सूत हललं नव्हतं. श्वास कधी कोणाला दिसतो का? आणि इथे तो तळहातावर थरथरत होता, त्यात सकाळचं ऊन चमकत होतं. तिला ते सांडवेना. बराच वेळ ती तशीच बसून राहिली.

उन्हाळ्यापर्यंत तानबाचं तोंड बरंचसं जाग्यावर आलं. पण अनुसयाबाईनं फुंकणं सोडलं नाही. देवळीला पुतणी सुरभीचं लग्न निघालं, तेव्हा बँडवाल्या योगेंद्रनं आपल्याकडचा जादा ट्रंपेट तिच्या हाती दिला.

"काकू, तुमी फक्त एक सूर धरून ठेवजा."

लुगड्यावर बँडचा लाल कोट चढवून ती तानबाच्या शेजारी उभी राहिली. त्यानं गाणं उचललं, तिनं खालून सूर धरला. नाचणारी पोरं थबकली. ओट्याओट्यावरच्या बाया उभ्या राहिल्या. अनुसयाबाईला त्यातलं काही दिसत नव्हतं. तानबाचा डावा गाल थरथरत होता, पण ओठ घट्ट मिटलेले होते. तेवढंच ती पाहत होती, आणि छातीतला वारा संपेपर्यंत तिनं सूर सोडला नाही.