शेवटचे तीन गाळे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पुंडलिकनगरातल्या एका घराच्या गॅलरीचं रेलिंग चुकलं ते माझ्यामुळं. आणि तो दोष गेली पंचवीस वर्षं मी एका माणसाच्या डोळ्यांवर राहू दिला.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचं फॅब्रिकेशनचं दुकान. वडील गेले तेव्हा मी चोवीसचा होतो. आयटीआयचा कागद हातात आणि डोक्यात हवा. दुकानाबरोबर वडिलांनी त्यांचे वेल्डरही मागं ठेवले होते. गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची, मी चाचा. साठीला आलेले, बोलणं कमी. पण त्यांनी लावलेल्या सळया बघायला शेजारचे दुकानदार उगाच चक्कर मारून जायचे.

चाचांना भागाकार येत होता की नाही, मला माहीत नाही. त्यांना तो लागत नव्हता. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून त्यांनी एक लांब पट्टी केली होती आणि तिच्यावर चार-चार बोटांवर पांढऱ्या रंगाच्या रेघा ओढल्या होत्या. रेलिंगचे दोन टोकांचे खांब उभे केले की पट्टीचं एक टोक माझ्या हातात द्यायचे आणि दुसरं ताणत न्यायचे. जेवढे गाळे, म्हणजे सळयांमधल्या मोकळ्या जागा, हवेत तितकावी रेघ समोरच्या खांबाला भिडली की थांबायचे. ट्यूब सगळीकडं सारखीच ताणते, म्हणून मधल्या रेघा आपोआप समान अंतरावर येतात. तिथं खडूनं खूण करायची, संपलं. मी कॅल्क्युलेटर काढला की ते हसायचे. "गिनने का नै बेटा, सिर्फ तानने का. रबर झूट नै बोलता."

मला त्या ट्यूबची लाज वाटायची. गिऱ्हाईक समोर असलं की जास्तच.

पुंडलिकनगरचं काम आलं ते वेरूळकडच्या एका शेतकरी घरातलं. मुलगा इथं कंपनीत लागलेला, त्यानं घर बांधलं होतं. त्याचे वडील जुने, धोतर-टोपीतले. दुकानात आले तेव्हाच बजावून गेले, "रेलिंग कसं लई देखणं झालं पायजे. गल्लीनं थांबून बघावं."

गॅलरी नऊ फूट चार इंच, म्हणजे एकशे बारा इंच. पिळाच्या सळया ठरल्या, अर्ध्या इंचाच्या. मी कागदावर मांडलं. सळई अर्धा इंच, गाळा चार इंच, मिळून साडेचार. एकशे बारा भागिले साडेचार, चोवीस आणि वर चार इंच बाकी. मग मला शिकवलेला नियम आठवला की गाळ्यांपेक्षा सळई एकानं कमी असते. चोवीसातून एक वजा केला. तेवीस सळया.

साडेचारात सळई आधीच धरलेली होती. चोवीस हा आकडा सळयांचाच होता. चोवीस सळया, पंचवीस गाळे, बरोबर एकशे बारा इंच. शाळेतल्या पोरालाही समजावं इतकं ते सोपं आहे. मला ते दोन दिवसांनी समजलं.

चाचांनी खिशातून ट्यूब काढली होती. मी म्हणालो, "राहू द्या चाचा, हिशोब झालाय." त्यांनी ती घडी करून परत खिशात ठेवली आणि दोन दिवस भट्टीशी बसून तेवीस सळया हातानं पिळल्या.

वास्तुशांतीच्या आदल्या सकाळी मी रेलिंगच्या खालच्या लोखंडी पट्टीवर खडूच्या खुणा करत गेलो. शेवटी पोचलो तर भोक साडेआठ इंचांचं. एक सळई कमी. तेव्हा कुठं कागद आठवला.

एक सळई पिळायला तास लागला असता. वेळ होता. पण ती मागायची तर चाचांना सांगावं लागलं असतं की माझं चुकलं, तुमची ट्यूब बरोबर होती. चाचा चहाला गेले होते. मी शेवटच्या खुणा पुसल्या आणि जास्तीची जागा शेवटच्या तीन गाळ्यांत वाटून टाकली. आधीचे एकवीस गाळे चार इंचांचे, शेवटचे तीन साडेपाचाचे. भिंतीच्या बाजूला जातील, कोण बघतंय, असं मनाशी म्हणालो.

चाचा आले, एकेक सळई जोडत गेले. एकविसावी झाल्यावर पुढच्या खुणा बघून थांबले. काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"बेटा, ये आखरी के खाने फैले-फैले लगते मेरेकु."

"नाही चाचा. मोजून खुणा केल्यात. तुम्हाला तसं वाटतंय."

टेप माझ्याच हातात होता. त्यांनी तो मागितला नाही. दुकानाच्या मालकानं मोजलंय म्हटल्यावर त्यावर टेप लावणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं, माझ्या वडिलांच्या वेळीही त्यांनी ते कधी केलं नव्हतं. "हौ, तू नापा सो ठीकच है," असं म्हणून त्यांनी चष्मा खाली ओढला.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीच्या पंगतीत आम्ही दोघं जेवायला बसलो असताना गॅलरीतून किंकाळी आली. त्या धोतरवाल्या आजोबांची दोन वर्षांची नात. तिनं खाली बघायला शेवटच्या गाळ्यातून डोकं बाहेर घातलं होतं आणि कान अडकले होते. खोबरेल तेल लावून, डोकं हळूहळू फिरवून बायकांनी तिला सोडवलं. लागलं नाही, पण कानामागं लाल झालं होतं आणि तिची आई तिला खाली ठेवायला तयार नव्हती.

मग सगळ्यांनी रेलिंगकडं बघितलं.

"कोण्या आंधळ्यानं लावल्या ह्या?" आजोबा ओरडले. "हिकडून बघा, कशा वळीत हायेत. अन् तिकडं जाता जाता फाकतच गेल्यात!"

"म्हाताऱ्याची नजर गेली, दुसरं काय," पंगतीतून कुणीतरी म्हणालं. "चाचा, आता घरी बसून नातवंडं खेळवा." दोघंतिघं हसले.

आजोबा माझ्याकडं वळले. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मी बघतो दादा. दुरुस्त करून देतो." यात एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच ते मला इतकी वर्षं जमलं.

चाचा रेलिंगजवळ गेले. एकेका गाळ्यातून त्यांनी मूठ घालून बघितली. शेवटच्या तिन्हींतून ती सैल गेली. माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "मेरी नजर गई, बेटा. निशान छोड के लगाया मैं. तू तो नापा था."

त्या आठवड्यात ते डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले. दुकानात येऊन सांगितलं, डॉक्टर म्हणतो दूरचं एकदम चांगलं आहे, फक्त वाचायला चष्मा लागेल. मला वाटलं, आता तरी सुटलो. पण ते मान हलवत होते. "डॉक्टर को लोहे का क्या मालूम? मैं खुद हात डाल के देखा ना." त्यांनी काळा चष्मा आणि ट्यूबची घडी माझ्या टेबलावर ठेवली. "रख ले. तेरेकु काम आती." मी ठेवून घेतली.

त्यानंतर त्यांनी वेल्डिंगचा हँडल हातात धरला नाही. रोशन गेटकडं लेकीकडं राहतात, ऐंशी पार केलीय. दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. मी गाडीवरून जाताना ते मला रस्त्याच्या पलीकडून ओळखतात आणि हात करतात. रस्त्याच्या पलीकडून.

ती ट्यूब आता तडकलीय. पण तिच्यावरून मी दुसरी केली आणि वीस वर्षं जिन्याची, गॅलरीची सगळी कामं तिच्यावरच करतो. कागद काढत नाही. लोक म्हणतात, तुमच्या सळया उस्तादांसारख्या बसतात.

गेल्या महिन्यात त्याच घरातून फोन आला. ती नात आता आई झालीय, माहेरी येणार आहे, म्हणून जुनं रेलिंग बदलायचं. शेवटच्या तीन गाळ्यांवर आम्ही तेव्हा मारलेली आडवी पट्टी अजून होती. मी माप घेत असताना घरमालक, म्हणजे तिचे वडील, सहज म्हणाले, "त्या तुमच्या म्हाताऱ्या उस्तादांची नजर गेली होती ना तेव्हा?"

मी "हं" म्हणालो.

पन्नाशीच्या माणसाला आता कुणाची भीती? चोवीसच्या वयात घाबरलो, हे एकवेळ मी स्वतःला सांगत आलो होतो. ते सांगणंही त्या "हं"नंतर उरलं नाही. तेव्हाची चूक वय गेलं तसं जुनी झाली असती. मी ती परत नवी केली.

नवं रेलिंग परवा बसलं. सळया चोवीस, गाळे पंचवीस.

चाचांना अजून सांगितलेलं नाही. खुणा माझ्या होत्या आणि त्यांची नजर शाबूत होती, हे त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्या लेकीसमोर सांगणं मी त्यांना देणं लागतो. आणि त्या घरातही.