अप्पांची गाडी आणि माझी थाप

आधीच सांगतो, मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवतो. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची वर्गात टिंगल करणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... आणि लाज तेवढ्यापुरतीच नाही.

मी राहतो जुळे सोलापुरात, वडील होटगीला. अप्पा रेल्वेत गँगमन होते. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी आपल्या जुन्या मोटारसायकलवरून स्टेशनवर जायचे, दोस्तांबरोबर चहा घ्यायचे. पण काचबिंदूनं नजर अधू झाली, एकदा तर म्हशीला धडकता धडकता वाचले. गाडी चालवू नका हे त्यांना तोंडावर सांगणार कोण? आमच्या घरात अप्पांना कुणी कधी 'नको' म्हटलेलं नाही. मग मी शक्कल लढवली. सर्व्हिसिंगला नेतो म्हणून गाडी सोलापूरला आणली आणि खुशाल स्वतःच वापरायला लागलो.

अप्पांचा फोन आला. "झाली का रं गाडी?"

"कुठलं अप्पा! स्टार्टच होईना. कार्बोरेटरमध्ये कचरा आहे म्हणतात."

फोन ठेवून कॉलेजला निघालो, तर गाडी खरंच स्टार्ट होईना! किक मारून मारून पोटरी भरून आली. संध्याकाळी मात्र एका किकला चालू. म्हटलं, योगायोग.

पण मग तेच सुरू झालं. अप्पांचा फोन नाही आला तर गाडी ठणठणीत. थाप मारली, की गाडी बंद. प्लग बदलला, कॉइल बदलली, मीटर लावून वायरिंग मी स्वतः तपासलं. आमच्या इस्माईलभाई मेकॅनिकनं कार्बोरेटर खोलून दाखवला — आत कचऱ्याचा कण नाही. डोकं खाजवत म्हणाला, "सर, करंट आ रा, पेट्रोल आ रा... फिर भी नक्को बोलती!" बायको म्हणाली, अमावस्येला नारळ तरी फोडा. मी तिच्यावरच खेकसलो.

एका सकाळी परीक्षेची ड्यूटी होती. आदल्या रात्री परत थाप मारलेली, त्यामुळे गाडी बंदच. घामाघूम होऊन शेवटी मीच फोन लावला. "अप्पा, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही चालवू नये म्हणून मी खोटं बोललो."

अप्पा म्हणाले, "मला ठावं हाय की. डोळं गेल्यात, अक्कल न्हाय. चालवू नगा म्हणला असतास तर ऐकलं असतं रं... मागं बसलो असतो."

मागं बसलो असतो! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हो. सगळा उन्हाळा तो माणूस घरात गाडीची वाट बघत बसला होता. मी तिथंच पार्किंगमध्ये रडलो. डोळे पुसून किक मारली आणि गाडी चालू झाली.

आता दर रविवारी अप्पा माझ्या मागं बसून स्टेशनवर जातात. गाडी त्यानंतर एकदाही अडलेली नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. तुमच्यात कुणी मेकॅनिक असेल तर त्यानं सांगावं.

पहिल्याच रविवारी दोस्तांनी विचारलं, "अप्पा, लई दिस गाडी कुटं हुती?"

अप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कार्बोरेटरमदी कचरा हुता. पोरानं नीट करून आनली की."

मला मान वर करता येईना. निघताना भीत भीत किक मारली... माझ्यासाठी अप्पा खोटं बोलले होते ना! गाडी पहिल्या किकला चालू झाली.