कॉलरवाल्या जाऊबाईंची सुनावणी

आमच्या जाऊबाई शर्टाच्या कॉलरी शिवतात. आधी कारखान्यात जायच्या. दिवस गेले तेव्हा मालक म्हणाला, "मशीन घरीच न्या, पोरही सांभाळाल, कामही होईल." केवढा दयाळू मेला! मशीन तेच, कॉलरी त्याच, बोलणीही तीच. फक्त हजेरी बंद झाली. एक डोळा गॅसवरच्या भांड्यावर, एक सुईवर, असं चालायचं.

एकदा भांडं उतू गेलं, त्या वळल्या आणि सुई बोटातून आरपार. बोट कायमचं ताठ झालं. मालकाने हात वर केले. "त्या आमच्या कामगारच नाहीत, फावल्या वेळात शिवतात." फावला वेळ! मी पडले तोंडाळ, जाऊबाईंना ओढतच लेबर ऑफिसात नेलं. कामगार ठरल्या तर भरपाई, नाही तर ठणठणगोपाळ.

सुनावणीला अधिकारी बाईच होत्या. मला हायसं वाटलं. मालकाच्या वकिलाचं पुराण संपल्यावर त्यांनी मायेने विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?"

जाऊबाई चटकन म्हणाल्या, "काही नाही हो, घरीच असते."

मी कपाळावर हात मारला. "अहो, कॉलरी सांगा, कॉलरी!" तर मलाच बाहेर काढलं.

त्यांना तरी काय बोलू? बायको कमावते म्हटलं की भाऊजींचं नाक कापलं जातं. पाहुणे आले की मशीनवर चादर पडते. कारखान्यात जायच्या तेव्हाही नातेवाइकांत "शिवण शिकायला जाते" असंच सांगायचे. त्या शिवणावर दोन्ही पोरं शिकली, भाऊजींचं नाक मात्र शाबूत. जन्मभर घोटवलेलं वाक्य ऐन वेळी तोंडातून बाहेर पडणारच.

अर्ज फेटाळला. घरी भाऊजी दारातच उभे. "काय म्हणाले?"

"म्हणाले, या कामगार नाहीत," मी फणकारले.

"मग मी वेगळं काय सांगत होतो? चल गं, जेवायला वाढ."

जाऊबाईंनी वाढलं आणि पुन्हा मशीनवर बसल्या. माझा नुसता जळफळाट झाला.

आता ते ताठ बोट मध्ये येतं, कॉलर वाकडी जाते. तोच मालक गठ्ठा परत पाठवतो आणि वर निरोप देतो, "बाईंना सांगा, काम नीट करा."