आईनं भिंत चाखली

"आजी, हे मिठागर नाही. भिंत चाटायची नसते इथं."

पेणला, रामवाडीत, अर्धवट बांधलेल्या इमारतीत एक सेल्समन माझ्या आईला असं म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. मागे फ्लॅट बघायला आलेलं एक जोडपं उभं होतं, त्यांना ऐकू जावं म्हणून. ते दोघं हसले.

आईनं भिंत चाटली नव्हती. रंग न लागलेल्या गिलाव्यावरून बोट फिरवून जिभेला लावलं होतं. सारा जन्म ती मिठागरात राबली. वाफ्यातलं पाणी मीठ धरायला आलं की नाही, हे ती असंच ओळखायची. मालकसुद्धा आधी तिला विचारायचा.

"खारी हाय गो," ती माझ्या कानाशी म्हणाली होती. "लोणा लागंल. पापुद्रं सुटतील."

आणि मी काय म्हणाले?

"आई, गप बस. लाज आणू नकोस."

मी म्हणाले. माझ्याच तोंडानं. ती खरंच गप बसली. बोट पदराला पुसलं.

घर हवं होतं ते तिच्यासाठीच. खाडीकाठच्या आमच्या घरात उधाणाचं पाणी शिरतं. बांध फुटला की चुलीपर्यंत येतं. मी रोह्याला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला, शिफ्टमध्ये. आईचे गुडघे गेलेले. तळमजला, गोडं पाणी, कोरडी जमीन. घरून निघताना आम्ही दोघींनी एवढंच ठरवलं होतं. आणि ते माझ्या पगारात बसायला हवं होतं.

पण ते हसणं डोक्यातून जाईना. सेल्समन म्हणाला, "तुमच्या बजेटमध्ये तिसरा मजला आहे. लिफ्टचं पुढे बघू. पण गॅलरी आहे, डोंगर दिसतो. झेपेल ना तुम्हाला?"

झेपेल ना! तिथंच फॉर्म भरला. टोकन दिलं. त्याला दाखवायचं होतं, आम्हीही घेऊ शकतो. राहायचं होतं आईनं, आणि घर घेतलं मी त्या माणसाच्या नाकावर टिच्चून. किती मूर्ख असावं एखादीनं?

पंधरा दिवसांनी आईला तो जिना चढवला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती खाली बसली. सिमेंटवरच. दम पुरेना. धापा टाकतच म्हणाली, "तू ऱ्हा गो हितं. मी गावातच बरी. पानी काय, येतं नि जातं."

आवाजात राग नव्हता. घर तिच्यासाठी, आणि त्या घरातून तीच वजा. मीच वजा केली होती. मी त्या जिन्यात ढसाढसा रडले. अपमान तिचा झालेला, आणि समजूत ती माझी काढत होती.

तिला हळूहळू खाली आणलं, सावलीला बसवलं आणि बिल्डरच्या ऑफिसात त्याच सेल्समनसमोर जाऊन उभी राहिले.

"बुकिंग रद्द करा."

"टोकन परत मिळणार नाही, मॅडम. तुम्हा लोकांना घर कसं घ्यायचं तेच कळत नाही."

"कळतं. भिंत खारी आहे तुमची. माझ्या आईनं तेव्हाच सांगितलं होतं. टोकन ठेवा तुम्ही. बाहेर या आणि तिची माफी मागा."

तो उठला नाही. कागद चाळत बसला. मी मान खाली न घालता बाहेर आले.

घरी आल्यावर मीच तिची माफी मागितली. आई तांदूळ निवडत होती. "कशाची गो माफी? मला काय आठवत नाय," म्हणाली. खोटं बोलत होती. ते तिचं खोटं मला अजून गिळता येत नाही.

मागच्या रविवारी रोह्याजवळ वरसेला एक जुनी जागा बघितली. तळमजला. नळाला गोडं पाणी. गॅलरी नाही, खिडकीसमोर दुसऱ्याच्या घराची पाठ. कंपनीत कुणाला सांगून मिरवावं असं काही नाही. पण परवडणारी होती. आई आत आली आणि मधोमध उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे. भिंतीला नाही, खिडकीला नाही, कशालाच शिवली नाही.

"आई, बघ ना हात लावून."

"नको गो. कोन काय बोललं तर?"

साठी उलटलेली बाई, चोरासारखी उभी.

ती जागा अजून घेतलेली नाही. तिचे हात पुढे येईपर्यंत घेणार नाही. त्यासाठी दहा वेळा वरसेला जावं लागलं तरी जाईन. ती नाही म्हणाली तर नाही, मग कितीही स्वस्त असो. आणि जिथं घेऊ तिथं करारावर पहिलं नाव तिचं असेल. तिला सही येत नाही. अंगठा उठेल. तो अंगठा बघून ज्या टेबलावर कुणी नाक मुरडेल, त्या टेबलावर माझी सही होणार नाही.