वकिलाच्या बायकोचं पुढे काय झालं
छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेले काका दर शनिवारी वाचनालयात कथालेखनाचा वर्ग घेत. कादंबरीतल्या दुय्यम पात्रांची ते कार्डं करायचे, म्हणून कार्डवाले काका. लेखक मंडळी नायकाच्या नखापर्यंत पोचतात, आणि पोस्टमनचे डोळे तिसऱ्या प्रकरणात घारे, नवव्यात काळे! असले घोळ पकडायला केलेली ती कार्डं पुढे वर्गातला स्वाध्याय झाली. पात्राच्या खिशात काय असतं, ते कुणाला भितं, आणि शेवटचा प्रश्न, खोलीतून गेल्यावर ते काय करतं?

त्या शनिवारी एका नर्सने स्वतःची कथा वाचली. "चहा ठेवून ती आत गेली."

"आत जाऊन काय केलं तिने?" काकांनी टोकलं. "सोडू नका तिला, तिच्या मागोमाग जा."

"काका, एकदा तुम्हीच भरून दाखवा ना तिचं कार्ड," नर्स म्हणाली.

काकांनी ऐटीत पेन उघडलं आणि घोडं अडलं. अडतीस वर्षं त्यांची बायको टेबलावर चहा ठेवून आत जात होती. तिला जाऊन सात महिने झाले, तरी चारच्या सुमाराला टेबलाचा डावा कोपरा ते अजून मोकळा ठेवत. पण आत जाऊन ती काय करायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांच्या पात्रांची उठाठेव करण्यात जन्म गेला आणि दिव्याखाली अंधार.

कोरं कार्ड घेऊन ते घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. दाराआड भिंतीवर, तिच्या डोक्याच्या उंचीला, तेलकट डाग होता. त्यांनी तिथे डोकं टेकलं. दारातून समोर त्यांची खुर्ची दिसत होती, पाठमोरी.

म्हणजे इथे उभी राहून ती ऐकायची. काका प्रुफं मोठ्याने वाचत, स्वल्पविरामासकट. तिला जोडाक्षरं झेपत नसत, तिच्या वाट्याला आलेल्या कादंबऱ्या तेवढ्याच. मग घसा बसू लागला तसे ते मनात वाचू लागले. तेव्हा तिने एकदाच विचारलं होतं, "अहो, त्या वकिलाच्या बायकोचं पुढे काय झालं?"

"कोण वकील?" म्हणून त्यांनी पुन्हा कागदात मान घातली होती. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी ते पुस्तक शोधून काढलं. बाराव्या प्रकरणात वकिलाची बायको माहेरी जायला निघून स्टेशनच्या बाकावर बसली होती. पुढे शेवटच्या पानापर्यंत तिचा पत्ता नव्हता. लेखक तिला विसरला होता, आणि नावाजलेल्या प्रुफवाल्याच्याही ते लक्षात आलं नव्हतं. विचारणारी एकटी तीच.

काका दाराकडे पाठ करून खुर्चीत बसले. कार्डावर लिहिता लिहिता बसक्या आवाजात वाचू लागले, "गाडी आली, स्वल्पविराम, आणि ती बाकावरून उठली..."

मागे भिंतीला कुणीतरी टेकल्यासारखं वाटलं. वळून पाहायची छाती होईना. ते वाचत राहिले.