कडूमावशीचा मांगूर कोणी खाल्ला?

कडूमावशीवर अन्याय झाला तो गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला, आमच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. मच्छीमार संस्थेच्या सचिवांनी सभासदांची यादी वाचली. यादीत नाव असेल त्यानेच तलावात गळ टाकायचा, असा नियम. नवरा गेल्यापासून त्याच्या जागी मावशी मासे धरत होती, अकरा वर्षं. तिचं नाव आलं नाही. विचारलं तर सचिव म्हणाले, "बाया मासे विकतात, धरत नाहीत. धरत असेल तर आठ दिवसांत पुरावा द्या." हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. एकानेही तोंड उघडलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी मावशीबद्दल काही गमतीचंही लिहिणार आहे आणि ते वाचून तुम्ही नुसतं हसून मोकळे व्हाल, अशी मला भीती आहे.

मावशीकडे होडी नव्हती, काहिल होती. गूळ शिजवायची लोखंडी काहिल. गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा नवऱ्याने भंगारातून आणलेली, बुडाला डांबराची दोन ठिगळं. काहिलीला ना पुढा ना मागा. नवखा माणूस बसला की ती जागच्या जागी भिंगरीसारखी फिरते. मावशी मधोमध मांडी घालून बसायची आणि हातातल्या एका फळीने तिला दोरी लावल्यासारखी सरळ न्यायची. म्हणायची, "होडीत मानूस झोपंल. हिच्यात झोपून चालत न्हाई. हिला घटकाघटकाला सांगावं लागतं, कुठं जायचं ते."

ती धरायची मांगूर. बिनखवल्याचा, काळा, मिशांचा मासा, गाळात राहणारा. त्याच्या कल्ल्यांमागे दोन काटे असतात. लागले तर हात रात्रभर ठणकतो. गळाला ती कोंबडीची आतडी लावायची, दोन दिवस उन्हात ठेवून सडवलेली. "त्याला डोळ्यानं कमी दिसतं, सगळं मिशानं हुंगून बघतो. वास जबर पायजे." तो वास तिच्या लुगड्यातून कधी गेलाच नाही. भोकरदनच्या एसटीत लोक नाकाला रुमाल लावायचे. मला राग यायचा, ती हसायची. "मला कदी उभं ऱ्हावं लागलं न्हाई पोरी. मी चढले की आख्खा बाक खाली होतो."

गावात मासा विकायची तिची पद्धत वेगळी होती. पाटीत खाली मांगूर, वर शेपूच्या जुड्या. गल्लीत ओरडायची, "शेपू घ्या, शेपू!" ज्यांच्या स्वतःच्या वावरात शेपू उभा असायचा, तेही लगबगीने शेपू घ्यायला यायचे. कोणाच्या गळ्यात माळ, कोणाची सासू कडक, कोणाच्या घरी सप्त्याचे महाराज उतरलेले. मासा घराच्या चुलीवर चढायचा नाही, शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या छपराखाली शिजायचा. आमचाही तसाच. आप्पा, माझे वडील, मला आखाड्यावर वाढायचे आणि म्हणायचे, "घरी बोलू नको." मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून खातेय.

तर पुरावा. मी पत्रकं लिहिणारी, मोर्चात घोषणा देणारी. मला वाटलं, हे तर सोपं आहे. एक दिवस काहिलीत बसायचं, मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, सचिवांच्या टेबलावर ठेवायचा. आठ दिवसांतले सहा पावसात गेले. सातव्या दिवशी उजाडताच निघालो.

"मधात बस बराबर. आन् हालू नको."

"मावशी, सुरुवातीला तू तुझं नाव सांग, मग तलाव दाखवते, मग..."

"मासा पत्रक वाचत न्हाई. गप ऱ्हा."

मी गप राहिले. दोन तास, तीन तास. पाणी गढूळ, हवा कोंदट, आतड्यांच्या डब्यावर माश्या घोंगावतायत. ती गळ वर घ्यायची, बघायची, परत सोडायची. अकरा वाजता मोबाईल अर्ध्यावर आला होता. मी म्हटलं, जागा बदलू. ती म्हणाली, जागा हीच. मी म्हटलं, उद्या शेवटचा दिवस आहे, तुला काही वाटतं की नाही? तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुला घाई हाय म्हून त्याला भूक लागंल व्हय?"

दोनच्या सुमाराला दोरी ताणली. मावशीने हिसका दिला आणि हातभर मांगूर पाण्याबाहेर आला. असला मासा मी आखाड्यावरही पाहिला नव्हता. आणि मी, मी शहाणी, ओरडले, "मावशी, थांब! इकडे बघ, चेहरा दिसू दे!"

तिने बघितलं. मांगुराने तेवढ्यात अंग पिळलं आणि गेला.

"गेला," ती म्हणाली. "तुज्या फोटूपायी गेला." मग गळाला नवं आतडं लावायला लागली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

साडेचारला दुसरा लागला, लहान. या वेळी मी ओठ दाताखाली धरून नुसता मोबाईल धरला. तिने दोरी ओढली, काट्यांच्या मागून अंगठ्याने मासा दाबला, गळ सोडवला, डब्यात टाकला. एकही हालचाल वाया नाही. व्हिडिओ संपला तशी बॅटरीही संपली, आणि पावसाने आम्हाला काठावर हाकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मासा काढताना मावशी कायम खाली वाकायची आणि पदर पुढे यायचा. त्यात फक्त तिचे हात आले होते.

"हात कोणाचेही असू शकतात," सचिव म्हणाले. "आणि ही तर काहिल आहे. होडी कुठंय?"

मी भांडले. आवाज चढला. मावशी दाराशी उभी होती, मला म्हणाली, "चल, पोरी." तेव्हा सचिव हसून म्हणाले, "असं करा, गावातल्या पाच जणांनी लिहून द्यावं, हिने धरलेला मासा आम्ही घेतला आणि खाल्ला. कधीही आणा, पुढच्या सभेत नाव घेऊ." ते का हसले ते त्यांना माहीत होतं, मला अजून कळायचं होतं.

कागद घेऊन मी घरोघर गेले. एक म्हणाले, "गळ्यात माळ आहे गं." एक काकू म्हणाल्या, "पोरीची सोयरीक चालू हाय, आत्ता नको." एकाने तर माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आम्ही फक्त शेपू घेत होतो." शेवटी आप्पांसमोर कागद ठेवला. आप्पांनी चष्मा काढून पुसला. "तिच्यासाठी वाईट वाटतं," म्हणाले. "पण कागदावर नको."

रागाच्या भरात मी मावशीकडे गेले. म्हटलं, तू नावं सांग. कोण कोण घ्यायचं, किती वर्षं घ्यायचं, सगळं छापते, चौकात लावते.

"बिलकुल न्हाई."

"अगं, तुझं नाव यांनी बुडवलं!"

"बुडवू दे. माज्यावर भरोसा ठिवून घेतला ना त्यांनी? मंग? कोनाच्या पोरीचं लगीन मोडू का मी?"

दिवाळीनंतर संस्थेच्या राखणदाराने काहिल पाण्याबाहेर ओढली. मावशी एका पिशवीनिशी जीपमध्ये बसली आणि बदनापूरला लेकीकडे गेली. निरोप द्यायला मी एकटीच होते. जीपवाला म्हणाला, "मावशी, आज वास न्हाई." ती पिशवी मांडीवर घेऊन सरकली, शेजारी जागा केली, आणि मला कळलं की ती खरंच चालली आहे. आता फोनवर विचारलं, करमतं का, तर म्हणते, "हितं पानी नळाला येतं. त्यात काय धरू?"

तिने तुमची नावं सांगितली नाहीत. मीही लिहिलेली नाहीत, कारण तिला शब्द दिला आहे. तुमचं तोंड तुम्हालाच उघडावं लागेल. या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सभा आहे. पाच सह्या लागतात. पहिली मी केली आहे, आप्पांसमोर. आखाड्यावर बसून बोटं चाटणाऱ्यांनो, कोरा कागद घ्या आणि लिहा: "मासा कडूबाईने धरला, मी खाल्ला." खाली पूर्ण नाव, तारीख, सही. पोळ्याच्या आधी माझ्या हातात आणून द्या. मागच्या दाराने नको, पुढच्या दाराने या.