नावेच्या पोटातलं मुकं मशीन

संघपाल भिवा खरात याचं परतूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. कपाशीला पाणी द्यायच्या दिवसांत दुकानापुढं जळालेल्या मोटारींची रांग लागते. संघपाल प्रत्येक मालकाला आधी चार शब्द सुनावतो, मग मोटार उघडतो. माणूस तोंडाचा फटकळ, पण हात असा की त्यानं भरलेली मोटार दहा वर्षं परत दुकानाचं तोंड बघत नाही. म्हणून लोक बोलणं ऐकून घेतात.

पण त्याचा खरा राग दुकानात नव्हता. तो होता आष्टीच्या अलीकडं, दुधनेच्या धरणाच्या पाण्याकाठी वसलेल्या रांजणगव्हाणात, त्याच्या स्वतःच्या गावात.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा गाव एका काठाला राहिलं आणि निम्मी शेतं दुसऱ्या काठाला गेली. गावानं वर्गणी करून पत्र्याची सपाट बुडाची नाव बनवून घेतली, तिला डिझेल इंजिन बसवलं आणि नाव चालवायला भुजंग नावाचा एक आळशी पण गोड बोलणारा गडी ठेवला. माणसं, चारा, खताच्या गोण्या, कापूस, सगळं त्या नावेतून ये-जा करू लागलं. या गोष्टीला बारा वर्षं झाली.

नाव सतत पाण्यात. पहिल्या उन्हाळ्यातच तिच्या बुडाला बोटभर शेवाळ चढलं, नाव जड झाली, इंजिन धूर ओकायला लागलं. एके दिवशी ती काठाजवळ अडली तेव्हा बौद्धवाड्यातला भिवा, म्हणजे संघपालचा बाप, तिथून चालला होता. भिवा पट्टीचा पोहणारा. कुणी सांगितलं नव्हतं, पण गडी सदरा काढून पाण्यात उतरला, बुडी मारून मारून खुरप्यानं शेवाळ खरवडलं आणि नाव मोकळी करून दिली. सगळ्यांनी वाहवा केली. आपणहून उतरला, हीच त्याची चूक.

पुढच्या महिन्यात कारभारी सोळंक्यांनी निरोप धाडला, "भिवाला म्हणावं, नाव घासायची हाय." कारभारीअण्णा म्हणजे नाव समितीचे प्रमुख. भिवापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण भिवा त्यांना अहो-जाहो करणार आणि ते भिवाला अरे-तुरे. भिवा गेला. मग तिसऱ्यांदा गेला. वर्ष सरता सरता गावात असं झालं, की नावेचं बूड घासायचं ते भिवानंच, आणि कुणी विचारलं तर उत्तर तयार, "ती रीतच हाय."

रीत! संघपालच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती या शब्दानं. त्याच्या आज्ज्यानं छप्पन साली धर्म बदलला, तेव्हा मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावची राखण आणि निरोप पोचवायची येसकरकी सोडली, गावाचा रोष पत्करला, पण सोडलं. आणि इथं बारा वर्षांपूर्वी वेल्डिंग करून आणलेली नाव, तिचं काम म्हणे पिढीजात! भलेपणानं एकदा हात लावला तर गावानं तो हातच धरून ठेवला. दुसऱ्या कुणी तेच केलं असतं तर त्याला पंगतीला बसवून मानाचा नारळ दिला असता.

दर पंधरा दिवसांनी भिवा कमरेएवढ्या पाण्यात उभा राही. आता वय अडुसष्ट. बोटांच्या बेचक्या सडल्या होत्या, पिंढऱ्यांवर चट्टे उठले होते आणि ते खाजवून रक्त यायचं. परतूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यापुढं पाण्यात उतरायचं नाही, जखम चिघळली तर पाय हातचा जाईल.

"मंग सांगा ना त्यांला, न्हाई येत म्हणून," संघपाल घरी येऊन ओरडला.

"तू परतूरला राह्यतो," भिवा म्हणाला. "मला हितं राह्याचं हाय."

आई, प्रभावती, चुलीपुढून म्हणाली, "बापाला बोलून काय करून राह्यला? जे बोलायचं ते तिकडं जाऊन बोल."

संघपाल बोलायला गेला. कारभारीअण्णांनी हसून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, शेवाळ येतंय तोवर कुणीतरी घासणारच ना! शेवाळ बंद कर, आमचं काय म्हणणं हाय?"

तिथून सगळं सुरू झालं.

काही दिवसांपूर्वी जालन्याच्या एका सराफाचं दागिने धुवायचं मशीन दुकानात दुरुस्तीला आलं होतं. लहानसा टब. त्यात पाणी भरून बटण दाबलं की टबाच्या बुडाला चिकटवलेलं मुठीएवढं एक धातूचं बोंडूक थरथरायला लागतं. सेकंदाला चाळीस हजार वेळा. कानाला काही ऐकू येत नाही, पण पाण्यात बारीक बारीक हिसके बसतात आणि सोन्यावरचा मळ सुटतो. संघपालनं शोध घेतला तेव्हा कळलं, समुद्रातल्या नावांना लोक हेच लावतात. नावेच्या बुडाचा पत्राच आतून थरथरत ठेवायचा, म्हणजे शेवाळाला बसायला जागा मिळत नाही. बाजारात मिळणारं मशीन परदेशी होतं आणि त्याच्या किमतीत गावाला दुसरी नाव आली असती. संघपालनं ते विकत घ्यायचा विचार सोडला आणि तार गुंडाळायला घेतली. तेच तर त्याचं काम होतं.

भंगारातल्या टबांमधून त्यानं दोन बोंडकं मिळवली. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून त्यांना लागणारा विजेचा दाब काढायचा म्हणून ट्रान्सफॉर्मर स्वतः भरला. पहिला जळाला. दुसऱ्याचा आवाज असा यायचा की शेजारचा टायरवाला दुकान बंद करून पळाला. तिसरा बराबर बसला. सारखं चालू ठेवलं तर बॅटरी संध्याकाळपर्यंत मेली असती, म्हणून दोन सेकंद चालू आणि सहा सेकंद बंद असा ठेका बांधला. बॅटरी फार उतरली तर मशीन आपोआप थांबेल अशी सोय केली. नावेच्या टपावर लावायला शंभर वॅटचं सोलर पॅनेल आणलं.

मग दुकानामागं दोन लोखंडी पिंपं उन्हात ठेवली, दोन्हीत धरणाचं पाणी. एकाला बोंडूक चिकटवलं, दुसरं तसंच. पंचवीस दिवसांनी दुसऱ्या पिंपाच्या आतून हिरवी गादी धरली होती. पहिल्यात हाताला नुसतं बुळबुळीत लागत होतं, बोटानं निघेल एवढं. संघपाल त्या पिंपापुढं उकिडवा बसून किती तरी वेळ हसत होता.

पण मशीन चढलेलं शेवाळ काढत नाही, नवं येऊ देत नाही, एवढंच. म्हणजे एकदा बूड साफ करणं भाग होतं. भिवा खुरपं घेऊन निघाला तेव्हा संघपालनं ते हिसकावून घेतलं आणि स्वतः पाण्यात उतरला. चार तास लागले. बुडी मारायची, अंधारात चाचपायचं, खरवडायचं, नाकात गाळाचं पाणी घेऊन वर यायचं. काठावर कारभारीअण्णा आणि आणखी दोघं तिघं गप्पा मारत होते. त्यांतला एकही जण हात द्यायला उतरला नाही, उतरायचं असतं हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. बाहेर आल्यावर संघपालचे दात वाजत होते. थंडीनं वाजत होते की रागानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. हे आपल्या बापानं बारा वर्षं केलं, आणि घरी येऊन एकदाही तोंडातून शब्द काढला नाही.

मग त्यानं आतून बुडाच्या पत्र्यावरचा रंग ग्राइंडरनं काढून चकचकीत लोखंड उघडं केलं. रंगावर चिकटवलं असतं तर थरथर रंगातच जिरली असती. एक बोंडूक पुढं, एक इंजिनाजवळ, एपॉक्सी लावून, मधे हवेचा बुडबुडा राहू न देता बसवलं. टपावर पॅनेल लावलं, बॅटरी आणि ट्रान्सफॉर्मर एका डब्यात ठेवून डबा बंद केला. डब्यावर एक लाल दिवा.

"चालू कर की," भुजंग म्हणाला.

"चालू हाय."

"आवाज तर न्हाई!"

"आवाज येत नसतो त्याचा."

भुजंगनं डब्याला कान लावला. मोटार म्हणजे घरघरली पाहिजे, पंप म्हणजे धडधडला पाहिजे, हे मुकं मशीन काय कामाचं? कुणी म्हणालं मासे बहिरे होतील. कारभारीअण्णा नुसते हसले. पण महिना गेला, दोन महिने गेले, भिवाला निरोप आला नाही. पिंढऱ्यांवरचे चट्टे सुकायला लागले. प्रभावतीनं फोनवर सांगितलं, "तुझा बाप रात्रीचा खाजवत न्हाई आता. झोपतो." संघपालनं त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकाला शिवी दिली नाही.

दसऱ्यानंतर वीस दिवसांनी तिचाच पुन्हा फोन आला. "निरोप आल्ता. गेले तुझे बाबा नाव घासायला."

संघपालनं जळालेली मोटार तशीच उघडी टाकली आणि गाडी काढली. पोचला तेव्हा भिवा कमरेएवढ्या पाण्यात होता. पाण्यावर हिरवे लोंबते तुकडे तरंगत होते.

"तुझं मशीन बोगस निघालं," कारभारीअण्णा काठावरून म्हणाले.

संघपाल नावेत चढला. डब्यावर सुकलेला झेंडूचा हार होता, दिव्यावर हळदी-कुंकवाचा थर. हार काढून डबा उघडला तर दोन्ही तारा बॅटरीपासून काढून नीट गुंडाळून ठेवलेल्या.

"भुजंग!"

"खंडेनवमी होती ना," भुजंग बिचकत म्हणाला. "त्या दिवशी अवजाराला काम लावत न्हाईत. मीच काढल्या तारा. पूजा केली चांगली."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"मला वाटलं चालू झालं असंल. इंजिन बंद हाय का चालू ते कळतं. याचं काय कळावं?"

"पूजा करता!" संघपालचा आवाज पलीकडच्या काठाला ऐकू गेला असेल. "डब्याला हार घालता, डब्याला एक दिवस सुट्टी देता! माझ्या बापाला बारा वर्षांत एक दिवस दिली का कुणी?"

कारभारीअण्णा मोबाइल काढून बघायला लागले. संघपालनं बापाला हाताला धरून बाहेर काढलं, राहिलेलं बूड स्वतः घासलं, तारा जोडल्या आणि डब्याला कुलूप लावलं. हे सगळं करताना तो सतत बोलत होता. त्यातलं बरंच लिहिण्यासारखं नाही.

मार्गशीर्षात इंजिनाचा पाण्याखालचा पंखा बदलायचा म्हणून नाव ट्रॅक्टरनं ओढून काठावर घेतली. सगळं गाव बघायला जमलं. संघपाल भिवाला घेऊन आला होता. नाव कलती केली. बूड स्वच्छ. जागोजागी पातळ बुळबुळ, बाकी पत्र्यावरचा मूळचा तांबडा रंग दिसत होता. लोकांनी हात फिरवून पाहिला. भुजंग तर स्वतःच मशीन बनवल्यासारखा सगळ्यांना समजावून सांगत होता.

पंखा बसला, नाव पुन्हा पाण्यात गेली. कारभारीअण्णांनी संघपालच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा तुला. शेवाळाचं कामच संपवलं." मग सहज, चहा सांगावा तसं, भिवाकडं वळून म्हणाले, "तरी भिवा, तू आपला पंधरा दिवसाला येऊन एक हात फिरवत जा. आता आलायस तर आजच फिरव. रीत मोडू नये."

इतके महिने संघपालला वाटत होतं की त्याचं भांडण शेवाळाशी आहे.

भिवा खाली वाकून धोतर वर खोचायला लागला. संघपाल पुढं झाला, तसा भिवानं हात करून त्याला थांबवलं. धोतर गुडघ्याच्या वर घेऊन तो पाण्यात शिरला, नावेपाशी गेला, तिच्या कडेला धरून वर चढला आणि पुढच्या फळीवर जाऊन बसला.

पलीकडच्या काठाला त्याचं शेत नव्हतं. बारा वर्षांत त्या नावेत त्याचा पाय पडला नव्हता.

"अरे, कुठं चाललास?" कारभारीअण्णांनी विचारलं.

"पलीकडं," भिवा म्हणाला.

"तिकडं काय काम हाय तुझं?"

"काही न्हाई." त्यानं इंजिनापाशी बसलेल्या भुजंगकडं पाहिलं. "चल. काढ नाव."

भुजंगनं कारभारीअण्णांकडं पाहिलं, मग काठावर उभ्या असलेल्या संघपालकडं पाहिलं, आणि इंजिनाची दोरी ओढली.